गाव निवडा

जन्मगावाचा रकाना भरला जाईना, म्हणून आईंचा फॉर्म पुढे सरकेना. आई म्हणजे माझ्या सासूबाई. मडगावातल्या एका पतसंस्थेत त्यांची जुनी ठेव आहे, आणि त्या दिवशी केवायसी नव्याने करायची होती. केवायसीला माणूस कुठे जन्मला हे कशाला लागतं हे मला अजून उमगलेलं नाही, पण रकाना होता आणि त्याच्या डोक्यावर लाल तारा होता. काउंटरवरची मुलगी चांगली होती, घाईतही हसून बोलणारी. तिने जिल्हा निवडला, दक्षिण गोवा. तालुका निवडला, सांगे. ते छोटं चक्र फिरलं आणि गावांची यादी खाली उलगडली. मी पलीकडून वाकून बघत होते. उगे, काले, कोष्टी, नेत्रावळी, भाटी, रिवण, वाडे. काले आणि कोष्टी यांच्यामध्ये जिथे ते यायला हवं होतं, तिथे ते नव्हतं. "आजी, कुर्डी दिसत नाही हो. कुडचडे म्हणायचंय का?" आई म्हणाल्या, "कुडचडे केप्यात गो बाय. माझं कुर्डी." मुलीने यादी पुन्हा वरखाली फिरवली. मागे रांगेतला कुणीतरी मुद्दाम खाकरला. "मग वाडे घालू? कुर्डीचे लोक आता तिथेच आहेत ना?" "लोक आहेत. पण मी वाड्याला जन्मले नाही." असं म्हणून आई माझ्याकडे बघू लागल्या, जणू हे मी मिटवायचं होतं. शेवटी वाडे घातलं गेलं. प्रिंट आली, आईंनी सावकाश सही केली आणि बाहेर पडल्यावर बांगडे काय भावाने मिळतील यावर त्या बोलू लागल्या. त्यांच्यापुरता विषय संपला होता.

माझ्यापुरता संपेना, कारण पोटासाठी मी हेच काम करते. फॉर्म बनवते. रकाने, यादी, बटणं, आणि यादीच्या मागे उभी असलेली क्वेरी, म्हणजे साठवलेल्या माहितीला विचारलेला प्रश्न.

हे काम मी शिकले ते फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस-प्रोग्रामच्या जमान्यात. बाजारातल्या एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर क्लास होता. चपला बाहेर काढायच्या, आत एसीचा गारठा, आणि साडेबारा वाजले की खालच्या खाणावळीतून हुमणाचा वास जिन्यावरून वर यायचा. तेव्हा यादी म्हणजे प्रोग्रामात हाताने टाइप केलेली नावं. गाव वाढवायचं तर प्रोग्राम उघडा, ओळ घाला, पुन्हा चालवा, आणि फ्लॉपीत भरून गिऱ्हाइकाकडे पोचवा. मग एक दिवस सरांनी कॉम्बो बॉक्समध्ये, म्हणजे यादी उलगडणाऱ्या चौकटीत, नावं लिहिण्याऐवजी थेट टेबलाला, माहितीच्या तक्त्याला, विचारलेला प्रश्न लिहून दाखवला. टेबलात गाव घातलं की यादीत आपोआप येतं. त्याच्याही पुढची गंमत म्हणजे प्रश्न आधीच पुरा लिहून ठेवायचाच नाही. "ज्यांचा तालुका अमुक आहे ती गावं दे" एवढं लिहायचं, आणि तो अमुक समोरच्या माणसाने वरच्या रकान्यात जे निवडलं त्यातून भरायचा. पेडणे निवडलं की मोरजी, मांद्रे, हरमल. बोट हलवून काणकोण केलं की तीच चौकट रिकामी होऊन लोलये, पैंगीण, गावडोंगरी. मी वेड्यासारखी कितीतरी वेळ नुसते तालुके बदलत बसले होते. त्यापुढे कितीतरी मोठी कामं केली, पण फॉर्म आपलं ऐकतोय असं वाटण्याचं ते पहिलं सुख पुन्हा तसं मिळालं नाही.

त्या सुखातला एक काटा मात्र खास गोव्याचा. माणसाने टाइप केलेला मजकूर प्रश्नाच्या वाक्यात तसाच चिकटवला तर काय होतं, हे परदेशातली पुस्तकं हल्लेखोरांच्या गोष्टी सांगून समजावतात. आम्हाला हल्लेखोर लागला नाही. डिसोझा पुरले. रोमी लिपीत त्यांच्या नावात डी नंतर वर एक टिंब-शेपटी (अपॉस्ट्रॉफी) असते, आणि डेटाबेसच्या भाषेत त्याच टिंब-शेपटीने मजकूर संपतो. त्यामुळे कुळकर्णी आणि नाईक बिनबोभाट सापडत, डिसोझा, डिमेलो, डिकोस्टा आले की पडद्यावर लाल अक्षरं. उपाय एकच: मजकूर वाक्यात चिकटवायचा नाही, वाक्यात जागा राखून ठेवायची आणि किंमत वेगळी पाठवायची. आज प्रत्येक नवा पोरगा हे सुरक्षेचं कलम म्हणून शिकतो. आमच्याकडे ते सासष्टीतल्या निम्म्या गिऱ्हाइकांची नावं सापडावीत म्हणून शिकलं गेलं.

यादी नकोच, लोकांना हवं ते लिहू दे, असं आता कुणी म्हणालं तर मी आधी हात जोडीन. मोकळी चौकट काय करते ते मी पाहिलं आहे. मडगाव, मडगांव, मारगाव, मठगांव, आणि रोमीतली त्याची भावंडं वेगळी. एकाच शहरात राहणारी माणसं हिशेबात दहा शहरांची होतात. त्याउलट केरी. गोव्यात केरी तीन. एक पेडण्याचं, तेरेखोलच्या मुखाशी, फेरीबोटीचं. एक सत्तरीचं, चोर्ला घाटाच्या पायथ्याचं. आणि एक फोंड्याचं, विजयादुर्गेचं, ज्याच्या भूतखांब पठारावरून नव्वदच्या दशकात नायलॉनच्या कारखान्याविरुद्ध आंदोलन पेटलं होतं. नुसतं 'केरी' लिहिलेला कागद हातात आला तर टपाल कुठे पाठवायचं? म्हणून आधी तालुका, मग गाव, आणि साठवायचा तो गावाचा क्रमांक. नाव नुसतं दाखवण्यापुरतं. तिघींची नावं एक, क्रमांक तीन. हे शहाणपणाचंच आहे. गावाकडे नेट रडत असताना एखाद्याने भराभर आधी पेडणे आणि मग सत्तरी निवडलं, आणि पेडण्याचं उत्तर उशिरा येऊन सत्तरीच्या डोक्यावर बसलं, तर गोंधळ होतो खरा. पण जुनं उत्तर आलं तर टाकून द्यायचं एवढं सांगितलं की तो मिटतो. त्यात मन अडकवण्यासारखं काही नाही.

मन अडकलं ते कुर्डीपाशी, साळावली धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या त्या गावापाशी.

त्या संस्थेचा डेटाबेस मी पाहिलेला नाही, पण आत काय असेल ते या धंद्यातलं कुणीही सांगेल. गावांच्या टेबलात एक रकाना असतो, चालू की बंद. गाव पुसून टाकायचं नसतं, कारण जुन्या नोंदी त्याच्या क्रमांकावर उभ्या असतात. म्हणून त्याला फक्त बंद करतात. आणि यादीच्या क्वेरीत एक अट असते: चालू असलेलीच दे. सगळ्या प्रश्नात हा तुकडा सगळ्यात छोटा. कुणीतरी कधीतरी तो लिहिलेला असतो, बहुधा दुपारी, जेवणानंतर. धरणाखाली गेलेल्या गावात आता कुणी राहत नाही, तिथला पत्ता कुणी देणार नाही, म्हणून बंद. पत्त्याच्या यादीपुरतं हे अगदी बरोबर आहे. पण तीच यादी, तीच क्वेरी, कुणीतरी जन्मगावाच्या रकान्यालाही जोडली. लिहिलेलं पुन्हा वापरावं, दोनदा लिहू नये, हे आम्हाला पहिल्या दिवसापासून शिकवतात. आता कोण कुठे राहतं आणि तेव्हा कोण कुठे जन्मलं, हे दोन प्रश्न आहेत एवढं मात्र कुणी शिकवत नाही.

आयबीएममधल्या एडगर कॉड या माणसाने 1970 साली डेटा टेबलांत मांडायची कल्पना मांडली. त्याच्या निबंधाची सुरुवातच अशी की माहितीच्या मोठ्या साठ्यांशी काम करणाऱ्यांना, ती माहिती आत कशी रचली आहे हे जाणून घ्यायच्या त्रासापासून वाचवलं पाहिजे. पुढे चारेक वर्षांत आयबीएममधल्याच चेंबरलिन आणि बॉइस यांनी त्या कल्पनेसाठी प्रश्न विचारायची भाषा केली, जिला आपण आज एसक्यूएल म्हणतो. काय हवं ते सांगा, कसं शोधायचं ते यंत्र बघेल. या एका विचाराने माझं घर चाललं, तेव्हा त्याच्याविषयी वाईट बोलणार नाही. पण काउंटरवरच्या त्या मुलीकडे बघताना वाटलं, हिला वाचवलं खरं, पण किती वाचवलं! आत काय आहे हे तिला जाणावं लागत नाही, आणि जाणायचं म्हटलं तरी वाट नाही. यादीत नाही याचे तिच्यासाठी दोनच अर्थ होतात: आजी चुकतेय, नाहीतर असं गाव नाहीच. 'कुणीतरी अट घातली आहे' हा तिसरा अर्थ तिच्यापर्यंत पोचतच नाही. पूर्वीचा कारकून निदान कपाटातलं दुसरं रजिस्टर काढून बघू शकायचा.

कुर्डी आहे. मे महिन्यात साळावलीचं पाणी उतरलं की वर येतं. सोमेश्वराच्या छोट्याशा देवळाभोवती माणसं जमतात, जत्रेसारखं होतं. वाड्याला, वालकिणीला जाऊन राहिलेले, मुंबईला गेलेले, सगळे येतात. भेगाळलेला चिखल, त्यावर शिंपल्यांचा चुरा, माडांचे काळे पडलेले खुंट ओळीने उभे, आणि मधूनमधून चिऱ्यांचे चौथरे. आई तिथे गेल्या की नकाशा नसताना चालतात. हे कुणाचं घर, ही विहीर, इथून उजवीकडे वळायचं. एकदा एका चौथऱ्यापाशी थांबून त्यांनी पायाने गाळ बाजूला केला, आणि खाली शेणाने सारवायच्या जमिनीऐवजी लाल सिमेंटची कोबा निघाली. "बाबांनी ही नवी घातली आणि दोनच वर्षांत उठायला सांगितलं," म्हणाल्या. रागाने नाही, एखाद्याने नवी साडी नेसावी आणि पाऊस यावा तसं. मोगूबाई कुर्डीकर याच गावच्या, हे त्या प्रत्येक नव्या माणसाला सांगतात, मग त्याला गाणं कळो न कळो. आणि कदंबांच्या काळातलं महादेवाचं देऊळ पाण्यात जाऊ नये म्हणून दगड न् दगड सुटा करून, क्रमांक घालून, धरणाच्या जवळ नेऊन पुन्हा उभारलं गेलं. दगडांना क्रमांक मिळाले आणि ते आपापल्या जागी बसले. मी ते देऊळ पहिल्यांदा पाहिलं तेव्हा, धंद्याच्या सवयीने म्हणा, मला आधी त्या क्रमांकांची वही कुणाकडे असेल हेच सुचलं.

आणि हे सगळं बोलताना आमच्या स्वयंपाकघरातल्या नळाला येतं ते साळावलीचंच पाणी. दक्षिण गोव्याची तहान त्या धरणावर भागते. एखाद्या दिवशी पाणी आलं नाही तर सगळ्यात आधी आईच कटकट करतात. त्यामुळे गाव गेलं म्हणून गळा काढावा, असा सरळ सूर मला लावता येत नाही. त्यांनाही येत नाही.

यादीत नसलेल्या गावाचं नव्या फॉर्मात एवढंच होतं की माणूस अडतो. अडला की निदान भांडतो तरी. जुना फॉर्म दुरुस्तीला उघडला की त्याहून वाईट होतं, आणि ते कुणाला दिसत नाही. 2015 च्या जानेवारीत फोंडा तालुका उत्तर गोव्यातून दक्षिण गोव्यात गेला. फोंडा जागेवरच होता, माशेलची बसही त्याच वेळी सुटत होती, फक्त टेबलातला एक आकडा बदलला. आता समजा माशेलच्या एका माणसाची 2012 ची नोंद आहे: उत्तर गोवा, फोंडा, माशेल. फोन नंबर बदलायचा म्हणून कुणी ती उघडते. फॉर्म इमानदारीने जिल्हा दाखवतो, उत्तर गोवा, आणि त्यावरून तालुक्यांची यादी मागवतो. यादीत आता फोंडा नाही. जतन केलेली किंमत यादीत सापडली नाही की काही फॉर्म चौकट कोरी ठेवतात, आणि काही निमूटपणे यादीतलं पहिलं नाव दाखवतात. उत्तर गोव्याच्या तालुक्यांत अकारविल्हे पहिलं येतं डिचोली. फोन नंबर बदलणाऱ्याचं लक्ष फोन नंबरावर असतं. त्याने सेव्ह दाबलं की माशेलचा माणूस बसल्या जागी डिचोलीकर झाला. चूक दाखवणारी ओळ नाही, लाल अक्षर नाही. याला औषध आहे, आणि ते एका ओळीचं आहे: यादी मागवताना "चालू असलेली, किंवा या नोंदीत आधीपासून असलेली" असं मागायचं. मी हे नव्या मुलांना शिकवते तेव्हा ती मान डोलावतात. पण 'किंवा'नंतरचा तुकडा का लागतो ते त्यांना कळतं, आपल्या आजीचा फॉर्म उघडतो तेव्हाच.

आईंच्या जन्माचा दाखला पाहिला आहे मी. 1961 च्या आधीचा, म्हणून पोर्तुगीजमध्ये. शाईची पल्लेदार अक्षरं, वडिलांचं नाव आपल्याला ओळखूही येऊ नये अशा स्पेलिंगात, कारण लिहिणाऱ्याने कानाला आलं ते त्याच्या अक्षरांत बसवलं. त्या कारकुनापुढे यादी नव्हती. समोरचा जे बोलला ते त्याने लिहिलं, चुकीचं का असेना. त्या चुकीच्या स्पेलिंगापायी घरातल्यांनी पुढे किती प्रतिज्ञापत्रं केली, किती खेपा घातल्या, तो वेगळा लेख होईल. तेव्हा जुनं ते सोनं वगैरे मला म्हणवत नाही. पण गावाच्या जागी तिथे कुर्डी लिहिलेलं आहे, आणि आता पतसंस्थेच्या कागदावर वाडे. उद्या कुणी दोन्ही शेजारी ठेवून विचारलं, की बाई, खरं कुठलं? तर खुलासा आईंनाच द्यावा लागणार, फॉर्म करणाऱ्याला नाही.

सध्या आम्ही एका देवस्थानासाठी महाजनांच्या, म्हणजे देवस्थानाच्या वंशपरंपरागत सभासदांच्या, नोंदीचा फॉर्म करतोय. जन्मगाव, मूळ गाव, सध्याचा पत्ता, तिन्ही रकाने आहेत. माझ्याबरोबर काम करणारा मुलगा हुशार, धारबांदोड्याचा. त्याने सरळ एकच यादी तिन्हींना जोडली होती. मी म्हटलं, नको, पत्त्याला आजची गावं विचार, जन्मगावाला जन्मतारखेची. टेबलात प्रत्येक गावाला 'पासून' आणि 'पर्यंत' असे दोन रकाने घाल, आणि वर भरलेली जन्मतारीख क्वेरीला दे. तो म्हणाला, "मॅडम, असे किती लोक असणार? त्यापेक्षा खाली 'इतर' ठेवू, लिहू दे हाताने." हे अगदीच चूक नाही. 'इतर' तर हवंच, कितीही काळजी घेतली तरी कुणीतरी गोव्याबाहेर जन्मलेलं असणारच. पण एकदा 'इतर'मध्ये टाकलेली माणसं पुढे कुठल्याही प्रश्नाच्या उत्तरात येत नाहीत. कुर्डीचे सगळे महाजन काढून दे असं देवस्थानाने उद्या सांगितलं तर ती 'इतर'च्या पोत्यातून वेचायची कुणी?

त्याला ते पटलं, आणि पटल्यावर त्यानेच मला पेचात टाकलं. त्याची आजी धारबांदोड्याची. ती जन्मली तेव्हा धारबांदोडा सांग्यात होता. वेगळा तालुका झाला तो अलीकडे. जन्मतारखेप्रमाणे विचारलं तर आजीला आधी सांगे निवडावं लागेल, तरच खाली तिचं गाव येईल. ती सांगे निवडणार नाही, म्हणे. धारबांदोडा शोधेल, आणि तो तालुक्यांच्या यादीत नसेलच, कारण तेव्हा नव्हता. म्हणजे कागदाच्या हिशेबाने बरोबर आणि आजीच्या हिशेबाने पुन्हा गाव नाही. मी म्हटलं, तालुका आधी विचारायचाच कशाला? गावाचं नाव टाइप करू दे, दोन अक्षरांवर क्वेरी चालव, नावासमोर तेव्हाचा आणि आताचा, दोन्ही तालुके दाखव. तीन केऱ्याही तशाच वेगळ्या कळतील. तो म्हणाला, मग एका गावाला अनेक तालुके, त्यासाठी जोडणीचं वेगळं टेबल लागणार. लागणार. देवस्थानाला फॉर्म पाडव्याच्या आत हवा आहे आणि ठरलेल्या पैशांत हे बसत नाही. त्यांच्या खजिनदारांशी मी सोमवारी बोलणार आहे. ते रिवणचे आहेत, बहुधा ऐकतील.